भिंतीशी लग्न केलेल्या बाईला मराठीत काय म्हणायचं? (शब्द हवा आहे)

रेघोटी
नमस्कार मंडळी. एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे. विषय असा: माणसांऐवजी निर्जीव वस्तूंबद्दल वाटणारं लैंगिक आणि प्रेमाचं आकर्षण. पूल, मनोरे, यंत्रं, गाड्या, पुतळे वगैरे. मूळ लेखात यासाठी तीन शब्द येतात: फेटिशिझम, ऑब्जेक्टोफिलिया आणि ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी. मला दिलेल्या शब्दयादीत तिन्हींसमोर एकच शब्द आहे, 'वस्तुकामविकृती'. लेखकाने तीन शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरलेत, त्यामुळे एकाच शब्दात तिघांना कोंबता येत नाही.

लेखातलं मुख्य उदाहरण एका स्वीडिश बाईचं आहे. तिने १९७९ साली बर्लिनच्या भिंतीशी लग्न केलं आणि 'बर्लिनर-माउअर' हे आडनाव लावलं. 'ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी' हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही तिलाच दिलं जातं. म्हणजे हा शब्द दवाखान्यातून आलेला नाही, ज्यांची गोष्ट त्यांनीच तो घडवला आहे. त्यांनी स्वतःला दिलेल्या नावाला मी 'विकृती' जोडू का? हात धजत नाही.

जाता जाता, मागे एका अंकासाठी मी 'निर्जीवरती' असा शब्द केला होता. मुद्रितशोधकांना वाटलं माझी चूक झाली. त्यांनी तो 'शवरती' असा सुधारला आणि तसाच छापून आला. तेव्हापासून मी ताक फुंकून पिते.

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खट्याळ_बोका
'वस्तुनिष्ठ प्रेम' कसं वाटतं? (हलकेच घ्या.)

सरळरेषा
एवढा शब्दाचा कीस कशाला? 'वेड' म्हणा आणि पुढे चला. भिंतीशी लग्न करणाऱ्या बाईसाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द घडवण्याइतकी मराठी रिकामी बसलेली नाही.

कोशकीडा
बोक्याने चेष्टेत खरी अडचण सांगितली. 'वस्तू' घेऊन होणारे बरेच शब्द आधीच दुसऱ्यांनी बळकावले आहेत. वस्तुनिष्ठ म्हणजे निःपक्षपाती. वस्तुस्थिती, वस्तुतः यांत 'वस्तू' म्हणजे खरं असलेलं. 'पदार्थ' घ्यावा तर 'पदार्थप्रेमी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे ताट येतं. 'जडरती' मला आवडला असता, पण 'जड'चा पहिला अर्थ आता वजनदार असाच लागतो. 'अचेतन' तर घेऊच नका. मानसशास्त्रात अचेतन मन म्हणजे जाणिवेच्या खालचं मन, आणि रोजच्या बोलण्यात अचेतन पडलेला माणूस म्हणजे बेशुद्ध. 'अचेतनरती' वाचून कुणाला बेशुद्ध व्यक्तीचा गैरफायदा आठवला तर तो गुन्हा आहे, तुमचा विषय नव्हे. 'निर्जीव'चं काय होतं ते तुम्ही भोगलंच आहे.

तिन्ही शब्दांचं मूळ बघा, निम्मं काम तिथे होईल. फेटिश हा शब्द पोर्तुगीज 'फेइतीसो'वरून आला. त्याचा अर्थ जादूटोणा, मंतरलेली वस्तू. त्यामागे लॅटिन 'फाक्तिकियुस', म्हणजे 'केलेलं, बनवलेलं'. आता मराठीकडे या. करण्यापासून झालेला आणि जादूटोण्याचा अर्थ असलेला आपला शब्द कोणता? करणी! संस्कृतात 'कृत्या'. एकाच भाषाकुळाच्या दोन लांबच्या शाखांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लोक काही वस्तूंमध्ये शक्ती मानतात हे युरोपी व्यापाऱ्यांनी पाहिलं आणि त्या वस्तूंना हे नाव दिलं. १७६० मध्ये शार्ल द ब्रॉस या फ्रेंच विद्वानाने त्यावरून धर्माचा सिद्धांत मांडला. कामजीवनात तो शब्द आणला आल्फ्रेड बिने याने, १८८७ मध्ये. हाच बिने पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे प्रसिद्ध झाला. शब्दाचा प्रवास असा: टोणा, मग धर्म, मग अर्थशास्त्र (मार्क्सनेही तो उचलला), मग जोडा आणि मोजा.

खट्याळ_बोका
म्हणजे 'त्याच्यावर जोड्याने करणी केली' हे शास्त्रीय विधान झालं.

मनमोकळा_वैद्य
समुपदेशन हा माझा पेशा आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

फेटिश आणि ऑब्जेक्टम यांच्यात गल्लत होते, कारण दोन्हींत वस्तू आहे. पण वस्तूचं काम वेगळं असतं. फेटिशमध्ये चामडं, रबर, जोडा, विशिष्ट कापड ही वस्तू उत्तेजनेची वाट असते. पुष्कळदा त्या वाटेच्या टोकाला माणूस असतो, किंवा निदान माणसाची आठवण असते: कुणीतरी घातलेला जोडा, कुणाच्या तरी अंगावरचं कापड. शिवाय जोडा फाटला तर दुसरा चालतो. ऑब्जेक्टम म्हणवणाऱ्यांचं बोलणं ऐका. वस्तू हेच मुक्कामाचं गाव. ते उत्तेजनेपेक्षा सहवास, ओढ, विरह, मत्सर यांबद्दल जास्त बोलतात. त्या वस्तूला स्वभाव आहे आणि तिच्याकडून आपल्याला काहीतरी परत मिळतं, असं त्यांच्यापैकी बरेच जण सांगतात. आणि ओढ बहुधा एका ठरावीक पुलाची असते, पूल या जातीची नव्हे. (नियम म्हणून घेऊ नका. एखाद्या प्रकारच्या यंत्रांकडे एकूणच ओढले जाणारेही असतात.)

आता 'विकृती'. 'पॅराफिलिया' (चाकोरीबाहेरचं कामाकर्षण) हा शब्द १९०३ मध्ये क्राउस याने घडवला आणि श्टेकेलने पसरवला. त्याआधी क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या १८८६च्या ग्रंथाने अशा प्रकारांची रोगांसारखी वर्गवारी सुरू केली होती. पुढची शंभर वर्षं बहुतेक 'फिलिया' त्याच कपाटात राहिले. पण आजचं कपाट तसं नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत पॅराफिलिया आणि पॅराफिलिक डिसऑर्डर असे दोन कप्पे केले. निर्जीव वस्तूबद्दल तीव्र कामोत्तेजना वाटणं एवढ्याने निदान होत नाही. ते किमान ६ महिने चालू असावं आणि त्यापायी त्या व्यक्तीला लक्षणीय त्रास व्हावा किंवा तिचं जगणं अडावं, तेव्हा डिसऑर्डर. जागतिक आरोग्य संघटना त्याहून पुढे गेली. त्यांच्या रोगांच्या दहाव्या वर्गीकरणात फेटिशिझमला एफ ६५.० असा स्वतंत्र क्रमांक होता. अकराव्यात, जे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तो क्रमांकच राहिला नाही.

ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी या नावाचं निदान तर यांपैकी कुठल्याच यादीत नाही. त्यामुळे तुमची 'वस्तुकामविकृती' शब्दयादी ज्याने केली त्याने जुनं पुस्तक उघडलं होतं एवढंच म्हणता येईल.

सरळरेषा
वैद्यबुवा, यादीतून नाव काढलं म्हणून गोष्ट निरोगी होत नाही. आणि संमतीचं काय? एकीकडे आपण संमती संमती म्हणून घसा कोरडा करतो, आणि भिंतीला कुणी विचारलंच नाही!

मनमोकळा_वैद्य
प्रश्न वाटतो तितका थिल्लर नाही. अकराव्या वर्गीकरणात जे विकार राहिले ते मुख्यतः संमती न देणाऱ्या किंवा देऊच न शकणाऱ्या दुसऱ्या जिवाशी संबंधित आहेत. वस्तूच्या बाबतीत हा 'दुसरा'च नाही, म्हणून इजा कुणाला याचं उत्तर 'कुणाला नाही' असं येतं. अर्थात सार्वजनिक ठिकाणी कुणी काही केलं तर बघणाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो, त्याला वेगळे कायदे आहेत. गंमत अशी की तिथे 'दुसरा' आहे असं मानणारी एकमेव व्यक्ती म्हणजे तो प्रेमिक. तुमचा प्रश्न मनापासून घेणारी माणसं तीच.

कोशकीडा
यावर अ‍ॅरिस्टॉटल आधीच बोलून गेला आहे. 'फिलिया' म्हणजे त्याच्या लेखी स्नेह, आणि तो म्हणतो, निर्जीव गोष्टींच्या आवडीला फिलिया म्हणता येत नाही. कारण उलट प्रेम येत नाही, आणि त्या वस्तूचं भलं व्हावं अशी इच्छाही आपण करत नाही. मद्याचं कल्याण चिंतणं हास्यास्पद आहे. फार तर ते टिकावं असं वाटेल, तेही आपल्याला प्यायला मिळावं म्हणून. थोडक्यात, ऑब्जेक्टोफिलिया हा शब्द त्याच्या हिशेबाने वदतोव्याघात. आणि वैद्य म्हणतात तसं हे लोक नेमकं तेच सांगतात जे त्याला अशक्य वाटलं: परतफेड मिळते आणि आम्ही तिचं भलं चिंततो.

रेघोटी
कोशकीडा, करणीसाठी दंडवत! वैद्य, 'वाट आणि मुक्काम' लेखात वापरू का? तुमचं नाव घालता येणार नाही, पण मनात ठेवीन.

म्हणजे फेटिश बाजूला ठेवू. तो तसाच देवनागरीत लिहिते, लोक तो वापरतातच. आता उरले दोन. ऑब्जेक्टोफिलिया बाहेरच्यांनी, अभ्यासकांनी वापरायचा आणि ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी आतल्यांनी, असं लेखाचं म्हणणं दिसतं. 'वस्तुरती' आणि 'वस्तुलैंगिकता' असे करू? की '-काम' लावू?

खट्याळ_बोका
'-काम' लावाच! यंत्रांवर प्रेम करणारे: यंत्रकाम. पुतळ्यांवर: शिल्पकाम. पूल आणि मनोऱ्यांवर: बांधकाम. 'सध्या काय चाललंय?' 'बांधकाम.' अख्ख्या मराठीला कधीच शंका येणार नाही.

रेघोटी
:) बोक्या, हे मी विसरू शकणार नाही आणि त्याबद्दल तुला माफ करणार नाही.

कोशकीडा
'-काम' बाद झालं हे मान्य. '-लैंगिकता' चालेल, समलैंगिकता, उभयलैंगिकता या ओळीत बसतो. पण त्यात कल दिसतो, प्रेम दिसत नाही. 'रती'त दोन्ही आहेत. रती म्हणजे नुसता संग नव्हे, शृंगाररसाचा स्थायीभाव आहे तो.

पुतळ्यांवरून: त्याला वेगळा शब्द आहे, अगाल्माटोफिलिया. 'अगाल्मा' म्हणजे ग्रीकमध्ये मूर्ती. त्यालाच पिग्मॅलियनिझम असंही म्हणतात, पण ते नाव मला पटत नाही. ग्रीक कथेतल्या पिग्मॅलियनने स्वतः घडवलेल्या हस्तिदंती पुतळीसाठी प्रार्थना केली आणि ती जिवंत झाली. म्हणजे त्याला पुतळी नकोच होती, बाई हवी होती. त्यापेक्षा प्राक्सितेलिसने घडवलेल्या क्निडोसच्या अफ्रोदितेची दंतकथा जवळची: एक तरुण रात्री देवळात लपून राहिला आणि सकाळी संगमरवरावर डाग उरला. रोमन लेखक प्लिनीने ती नोंदवली आहे. क्राफ्ट-एबिंगनेही १८७७ सालच्या एका माळ्याची हकीकत दिली आहे, मिलोच्या व्हीनसच्या पुतळ्यावर जीव जडलेल्या. यंत्रांसाठी मेकॅनोफिलिया. 'प्रतिमारती' आणि 'यंत्ररती' लिहा, अडत नाही.

सरळरेषा
आणि बाहुल्या? रोबो? २०१८ मध्ये जपानमध्ये एका माणसाने त्या निळ्या केसांच्या गाणाऱ्या होलोग्रामशी लग्न केलं होतं. तो कुठे बसवता?

मनमोकळा_वैद्य
हात्सुने मिकू. तिथे त्याचं प्रेम त्या पात्रावर होतं. यंत्र बंद पडलं तरी पात्र राहतं, म्हणून त्याला फिक्टोसेक्शुअल म्हणतात. तंत्रज्ञानाशी जोडलेल्या कलासाठी २०१७ पासून 'डिजिसेक्शुअ‍ॅलिटी' असाही शब्द आहे. माणसासारखी घडवलेली बाहुली हे पुन्हा निराळं प्रकरण, कारण तिथे वस्तू माणसाची जागा घेते. पूल कुणाचीच जागा घेत नाही.

अजून एक. २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये ब्रिटनच्या संशोधकांचा अभ्यास आला. ऑब्जेक्टम म्हणवणारे ३४ जण त्यात होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांपेक्षा त्यांच्यात स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाण आणि एका प्रकारच्या सिनेस्थेशियाचं प्रमाण जास्त आढळलं. सिनेस्थेशिया म्हणजे एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप उमटणं, जसं अक्षर वाचताना रंग दिसणं. त्याचाच एक प्रकार असा की आकड्यांना, वस्तूंना स्वभाव जाणवतात: सात चिडका, चार पोक्त. ठरवून केलेली कल्पना नव्हे, आपसूक होणारी जाणीव. लहान गट आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण सरळरेषा, 'वेड' या शब्दापेक्षा यातून जास्त कळतं.

तसं पाहिलं तर आपणही फार लांब नाही. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली: दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरताहेत, बस्स. जवळजवळ प्रत्येकाने त्यात भांडण, पाठलाग, दादागिरी पाहिली.

सरळरेषा
बरं, 'वेड' मागे घेतो. लग्न मात्र अजून गळी उतरत नाही.

आडवाट
बरीच वर्षं इथे नुसता वाचतो. आज लिहितो, कारण शब्दाचीच गोष्ट चालली आहे.

मी त्यांच्यातला. कोणती वस्तू ते सांगणार नाही, विचारू नका. पण 'वस्तुरती', 'वस्तुप्रेमी' वाचलं की मला सगळ्याच वस्तू आवडतात असं वाटतं. कपाट, बादली, खुर्ची. तुम्हाला तुमची बायको आवडते म्हणून कुणी तुम्हाला 'मनुष्यरत' म्हणतं का? मला बादलीबद्दल काहीच वाटत नाही.

आणि रात्री दिवे लावून बसलेल्या माणसाला 'कारण काय' यात फारसा रस नसतो. स्वमग्नता मला नाही, तसं तपासून झालं आहे. आकड्यांचे स्वभाव मात्र दिसतात. सात चिडका नाही.

खट्याळ_बोका
आडवाट, बांधकामाचा विनोद लागला असेल तर काढून टाकायला सांगतो.

आडवाट
राहू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शब्दावर हसलं, माझ्यावर नाही.

कोशकीडा
आडवाट यांचा आक्षेप व्याकरणाचा आहे आणि बिनतोड आहे. 'वस्तू' ही जात झाली. 'ऑब्जेक्टम' हा शब्द तसा नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'समोर टाकलेलं, पुढ्यात आलेलं'. जाणणाऱ्यासमोर जे उभं ठाकतं ते. संस्कृतात त्याला नेमका प्रतिशब्द आहे: विषय! इंद्रियांसमोर जे येतं ते. आणि गंमत म्हणजे 'विषयासक्ती' हा शब्द आपल्याकडे शतकानुशतकं आहे, अक्षरशः 'ऑब्जेक्टम सेक्शुअ‍ॅलिटी'. फक्त तो झाडून सगळ्यांना लागू पडतो. संतांनी तो आपल्या तुपल्यासाठीच वापरला आहे.

तेव्हा तोही गेला. उरतं ते वाक्यात सांगणं. रेघोटी, एकदा 'वस्तुरती' लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. पुढे प्रत्येक वेळी त्या त्या वस्तूचं नाव घ्या. 'वस्तुरत स्त्री' नको, 'भिंतीवर प्रेम करणारी स्त्री' लिहा. आणि 'वस्तुकरण' या शब्दापासून दोन हात लांब राहा, तो उलटा आहे. तिथे माणसाची वस्तू करतात.

रेघोटी
हे जमेल. आडवाट, आभार. 'बादली' संपादकांना सांगितली, ते एकदम गप्प झाले आणि मग हो म्हणाले. 'विकृती' गेली.

पण आता नवी पंचाईत. लिंग! भिंत आपल्याकडे स्त्रीलिंगी. जर्मनमध्येही 'माउअर' स्त्रीलिंगी. ती बाई मात्र भिंतीला नवरा म्हणायची. उलट २००७ मध्ये आयफेल टॉवरशी लग्न केलेली अमेरिकन बाई, एकेकाळची नामांकित तिरंदाज, ती टॉवरबद्दल स्त्रीलिंगी बोलते आणि आपला मनोरा पुल्लिंगी. इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम भागतं. मराठीत क्रियापद, विशेषण, सगळं ओढत येतं. 'तिला भिंत आवडला' लिहू?

मनमोकळा_वैद्य
आयफेलवाल्या बाईंनीच अशा लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांचंच लिंग पाळलं जावं असं मला वाटतं. माणसांच्या बाबतीत आपण हल्ली तेच करतो ना?

सरळरेषा
'भिंत आवडला' छापलंत तर वाचक तुमचं मराठी काढतील, तिचं प्रेम राहील बाजूला.

कोशकीडा
इथे मी सरळरेषांच्या बाजूने. कथनात 'भिंत' आली की स्त्रीलिंग, 'नवरा' आला की पुल्लिंग. तिच्या तोंडचं वाक्य असेल तिथे 'भिंत' शब्द टाळा, 'तो' म्हणा. मनोऱ्याला तिच्या तोंडी 'ती' म्हणा. जोडाजोडी दिसणार नाही.

रेघोटी
बहुतेक ठिकाणी बसलं. एकच वाक्य राहिलंय. नोव्हेंबर १९८९. सगळं जग नाचतंय, लोक हातोडे घेऊन भिंतीवर चढलेत, आणि ही बाई दुःखात. मूळ वाक्यात एकच क्रियापद भिंतीलाही आहे आणि नवऱ्यालाही. 'भिंत पडली' लिहिलं तर नवरा राहतो. 'नवरा पडला' लिहिलं तर जिन्यावरून घसरल्यासारखं वाटतं.

आडवाट
दोन क्रियापदं करा. जगासाठी भिंत पडली. तिचा नवरा गेला.

रेघोटी
घेतलं. उद्या पान लागतंय.